लोकांचे कपडे

पुलाच्या अलीकडे रस्ता म्हणावा असा रस्ता उरलाच नव्हता. नुसता चिखल, आणि त्या चिखलात आडवा झोपलेला विजेचा खांब. कडक मावशीनं डोक्यावरचं गाठोडं एका हातानं सावरलं, दुसऱ्या हातानं साडी वर खोचली आणि खांब ओलांडला. मग मागे वळून म्हणाली,

"बाई, तारेला पाय लावू नका हं."

"अहो मावशी, वीज आहे कुठं? वादळ आलं तशी रुसून गेली, ती अजून परत नाही आली."

"नसू दे. तिचा काय भरवसा? नको तेव्हाच यायची."

बालवाडीच्या बाई तारेला लांबून वळसा घालून आल्या. त्यांच्या पाठीला एक गाठोडं बांधलेलं, काखेत दुसरं. वादळात आसरा घेतलेल्या हॉलवरून सकाळी निघाल्या तेव्हा दोघींना वाटलं होतं, वाटेत एखादा टेम्पो भेटेल. टेम्पो सोडाच, सायकलसुद्धा दिसली नव्हती. झाडं मुळांसकट उपटून रस्त्यावर पडलेली, दुकानांच्या पाट्या शेतात जाऊन पडलेल्या. आणि वर ऊन कसं, तर अगदी धुतल्यासारखं स्वच्छ. जणू काही झालंच नाही. बाई देवाला मानणाऱ्या, उठता-बसता त्याचं नाव घेणाऱ्या. पण त्या उन्हाचा त्यांनाही राग आला.

त्या गाठोड्यांमध्ये या दोघींचं एक चिरगूटही नव्हतं. सगळे कपडे लोकांचे. ज्याचे त्याला पोचवायला मावशी निघाली होती, हातगाडी वादळात मोडली होती, आणि एकटीला एवढं ओझं झेपणार नाही म्हणून बाई बरोबर आल्या होत्या. बाईंच्या सासूबाईंना सकाळीच ट्रकमध्ये जागा मिळाली होती. ट्रकमध्ये फक्त म्हातारे आणि आजारी घेत होते, त्यामुळे बाईंना चालण्यावाचून इलाज नव्हता.

सगळे कपडे होते, फक्त एक शर्ट नव्हता. दोघींच्या मनात सकाळपासून तोच एक शर्ट होता.

"पाण्यात गेला म्हणून सांगा," बाई शेवटी म्हणाल्या. "अर्ध्या गावाचं सगळं पाण्यात गेलंय. कोण विचारणार आहे?"

मावशीनं 'हं' केलं आणि चालत राहिली.

गावाच्या वरच्या अंगाला तीनमजली बिल्डिंगांची एक रांग आहे. तिच्या पहिल्या जिन्याखाली इस्त्रीचं टेबल मांडून बसणारी ती कडक मावशी. हे नाव तिला तिच्या हातच्या कॉलरींवरून पडलं की तिच्या जिभेवरून, यावर बिल्डिंगमध्ये दोन तट होते. राहायला मात्र ती खालच्या वस्तीत, खाडीच्या काठाला, पत्र्याच्या खोलीत. टेबल आधी नवऱ्याचं. माणूस हातानं चांगला, स्वभावानं हौशी. एकदा त्यानं गिऱ्हाइकाचा शर्ट घातला आणि दोस्ताच्या लग्नाला गेला. शर्टाचा मालक नेमका त्याच मांडवात. तो काही बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यानं आपले कपडे दुसरीकडे टाकले, आणि हळूहळू सगळ्या जिन्यानं टाकले. लोक हातात पिशव्या घेऊन त्या टेबलापुढून जायचे आणि समोर बघत जायचे. नवरा त्या बघण्यानंच खचला. तो गेल्यावर मावशी टेबलाशी उभी राहिली, आणि प्रत्येक दारात जाऊन एकच वाक्य बोलून आली: "तुमचा कपडा तुमच्या घरातून निघेल आणि तुमच्याच घरात येईल. मध्ये कुणाच्या अंगाला लागणार नाही."

त्या एका वाक्यावर तिनं आयुष्य काढलं. मुलीचं लग्न केलं, पत्रे बदलले, म्हातारपण ओढत आणलं. तिची रीतही तिचीच. प्रत्येक घराकडून तिनं त्यांच्याच जुन्या चादरीचा एक चौकोन मागून घेतला होता. त्या घरचे कपडे त्याच चौकोनात बांधायचे. चिठ्ठी नको, नंबर नको. फुलाफुलाचा चौकोन डॉक्टरीणबाईंचा, पट्ट्यापट्ट्याचा वकिलांचा, आणि धुऊन धुऊन पांढरट झालेला गुलाबी चौकोन पोस्टमनच्या बायकोचा.

पोस्टमन जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्या बायकोला मावशी वहिनी म्हणायची. वहिनी आपल्या कपड्यांना घरीच इस्त्री करायच्या. दर महिन्याला मात्र एक शर्ट खाली पाठवायच्या, निळा, बारीक चौकटीचा. घातलेला कपडा इस्त्रीवाल्याला लगेच कळतो. कॉलर सांगते, कोपर सांगतं. हा शर्ट जसा वर जायचा तसाच खाली यायचा. मावशीनं एकदाच विचारलं होतं, "वहिनी, कुणी घालत नाही, तर इस्त्री कशाला?" वहिनी म्हणाल्या होत्या, "त्यांना चुरगळलेलं चालायचं नाही. कपाटात ठेवून ठेवून चुरगळतोच की हो." मावशीनं पुन्हा विचारलं नाही. कापड विरत चाललं होतं, म्हणून ती त्यावर ओला पंचा घालून हलक्या हातानं इस्त्री फिरवायची, आणि तो गुलाबी चौकोन सगळ्यांच्या वर ठेवायची. खाली दबायला नको.

वादळाचा इशारा देणारी जीप भोंगा वाजवत वस्तीत आली तेव्हा लोकांनी काय काय उचललं! कुणी टीव्ही, कुणी कोंबड्या, एकानं तर खोलीचं दारच काढून घेतलं, नवीन होतं म्हणून. मावशीनं हातगाडीवर लोकांचे कपडे रचले, वर ताडपत्री बांधली आणि खोलीला कुलूप लावलं.

शेजारीण ओरडली, "अगं, स्वतःचं एक लुगडं तरी घे!"

"माझं गेलं तर मी मलाच जाब देईन," मावशी म्हणाली. "ह्यांचं गेलं तर जिनाभर द्यावा लागेल."

लोकांना नेलं ते एका बंदिस्त क्रीडा हॉलमध्ये. गुळगुळीत लाकडी जमीन, तिच्यावर बॅडमिंटनच्या पांढऱ्या-पिवळ्या रेघा. आधी आलेल्यांनी रेघा बघून संसार मांडले. एका चौकटीत एक कुटुंब, असं आपसूकच ठरलं. पण माणसं येतच राहिली. चौकटीत दोन कुटुंबं झाली, मग तीन. पाय पसरायला जागा राहिली नाही. झोपायचं ते आळीपाळीनं, एकानं बसायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकायचं.

"ओ काका, तुमचा पाय आमच्या कोर्टात आलाय."

"पाय माझाय, पण जागा कुठं माझीय?"

"आऊट!" कुठून तरी आवाज आला, आणि सगळा हॉल हसला. पहिल्या दिवशी हसू यायचं अजून.

हॉलचा व्यवस्थापक गळ्यात शिट्टी घालून हिंडायचा. जेवणाच्या रांगेला शिट्टी, संडासच्या रांगेला शिट्टी, रडणाऱ्या पोरालाही शिट्टी. लोक त्याला शिट्टीवालाच म्हणायला लागले. बायकांच्या संडासांपैकी एकाचं दार लागत नव्हतं, बाहेर एकीनं ओढून धरायचं तेव्हा आतलीनं बसायचं. नळ लवकरच कोरडे पडले. मग बादल्या बाहेर ठेवून पावसाचं पाणी धरायचं, आणि त्याच बादलीवरून भांडायचं. वासानं जेवण गिळवत नव्हतं. भात आणि पाण्यासारखी डाळ यायची, तीही लहान पोरांना बाधली. बायका पाणी पिईनाशा झाल्या, कारण प्यायलं की जावं लागतं. बाईंच्या सासूबाईंची जीभ कोरडी पडून चिकटली, तरी त्या घोट घ्यायला तयार नव्हत्या. "इतक्या माणसांत मला उठायला लावू नकोस गं," असं हात जोडून सुनेला म्हणाल्या.

आणि कपड्याची टंचाई. बाळांना बदलायला नाही, आजाऱ्याला पुसायला नाही. एका शाळकरी पोरीला तिथंच पाळी आली. तिची आई कोपऱ्याकोपऱ्यात फडकं मागत फिरली आणि शेवटी मावशीपाशी आली. मावशी भिंतीला टेकून, ताडपत्रीत झाकलेल्या गाठोड्यांना पाठ लावून बसली होती. तिनं स्वतःच्या साडीचा पदर दातात धरला, टर्रकन फाडला आणि दिला. पुन्हा एकीला दिला. पदर खांद्यापर्यंत आला तेव्हा ती साडी नुसतीच गुंडाळल्यासारखी दिसायला लागली. पण गाठोड्याची गाठ तिनं सोडली नाही.

"नागासारखी बसलीय बघ धनावर," एक बाई दुसरीला म्हणाली, मावशीला ऐकू जाईल इतक्या हळू.

"धन असतं तर वाटलं असतं," मावशी म्हणाली. "हे लोकांचं आहे."

मावशीच्या शेजारी वस्तीतला पंक्चरवाला बसला होता. म्हातारा, एकटा, मावशीच्या नवऱ्याचा जुना दोस्त. घरातून त्यानं एकच वस्तू आणली होती, सायकलचा पंप.

"कडके," तो म्हणाला, "तू लोकांचे कपडे आणलेस, मी लोकांची हवा आणली. आता हे वादळ संपलं की सगळ्यांना परत भरून देतो."

"ह्या हॉलमध्ये भर आधी. श्वास घ्यायला होत नाही."

"इथं फुकट नाही मिळणार. नंबर लावावा लागेल. ए शिट्टीवाल्या, हवेच्या रांगेला शिट्टी मार रे!"

बाई दोन माणसं पलीकडेच बसल्या होत्या, सासूबाईंचं डोकं मांडीवर घेऊन. त्यांनी हे सगळं ऐकलं. पुढचंही त्यांनी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी छप्पर गेलं. आवाज असा झाला, की कुणीतरी आभाळाएवढं कापड दोन्ही हातांनी टरकावलं. हॉलच्या मधोमध पत्र्याची लांबच लांब पट्टी वर उचलली, गुंडाळली आणि गेली. मग पाऊस सरळ आत. माणसं ओरडत भिंतींकडे रेटली गेली, रेटता रेटता पोरं पायाखाली आली, एका बाईचा हात मोडला. रेघा, चौकटी, कोर्ट, सगळं पाण्याखाली. भिंतीशी सुद्धा कोरडं काही नव्हतं, वारा पाऊस आडवा मारत होता. सगळा हॉल निथळत, एकमेकांना चिकटून उभा.

मावशीनं ताडपत्री चारी बाजूंनी गाठोड्यांखाली खोचली आणि स्वतः पावसात, ताडपत्रीच्या बाहेर, तिला धरून बसली. हे खरं आहे. ती स्वतः आत शिरली नाही.

पंक्चरवाला म्हणाला, "कडके, ताडपत्रीचं एक टोक दे की गं जरा. डोक्यावर घेतो."

"नाही हो. तुम्ही ओले. ओलं माणूस आत घेतलं की वाफ धरते. कपड्यांना कुबट वास लागतो, तो धुऊन पण जात नाही."

"बरं," तो म्हणाला.

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "फक्त पाठीवर. पाठीत लागतंय फार."

"भाऊजी, माझी पण पाठ आहे ना बाहेर? लोकांचे कपडे आहेत. काय सांगू मी त्यांना?"

"बरं, बरं."

त्यानंतर त्यानं मागितलं नाही. पंप पोटाशी धरला, गुडघे जवळ घेतले आणि बसून राहिला. सकाळ गेली. दुपार झाली. बाईंनी त्यांची ओली शाल पिळून त्याच्या खांद्यावर टाकली, पण ओल्यावर ओलं टाकून काय होणार? त्याचे दात वाजत होते, ते वाजायचे थांबले. मग तो बोलायला लागला, पण कुणाशी ते कळेना. मावशीच्या नवऱ्याला हाक मारत होता. चाक उलटं बसलंय, म्हणत होता.

बाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला, मग छातीला. गार पडला होता.

"ह्यांना कोरडं काहीतरी घालायला हवं," बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. मावशीकडे त्यांनी पाहिलं नाही. पण आजूबाजूच्या सगळ्यांनी पाहिलं. शिट्टीवाल्यानंही पाहिलं.

मावशीनं ताडपत्री उचलली. वरच गुलाबी चौकोन होता. दबू नये म्हणून वर ठेवलेला, म्हणून तोच आधी हाताला लागला. पुढचं तिनं विचार करून केलं की न करता, हे तिला आजही सांगता येत नाही. गाठ सोडली. म्हाताऱ्याचा सदरा काढला, आपल्या परकराच्या आतल्या काठानं त्याचं अंग पुसलं आणि पोस्टमनचा निळा शर्ट त्याच्या अंगात घातला. बाह्या लांब झाल्या. तिनं त्या दुमडल्या नाहीत, हातांवर ओढून घेतल्या. मग ताडपत्री त्याच्याभोवती गुंडाळली.

आणि मग तिनं सगळ्याच गाठी सोडल्या.

एकेक कपडा तिनं स्वतःच्या हातानं दिला. आधी बाळं, मग बाळंतीण, मग म्हातारे. डॉक्टरीणबाईंची खळ घातलेली साडी मासेवालीला गेली. मासेवाली साडी नेसून उभी राहिली आणि म्हणाली, "आता मला मासे कोण मागणार? लोक आधी जीभ बाहेर काढून दाखवतील." एक खलाशी वकिलांच्या पांढऱ्या शर्टात ऐटीत बसला. नवऱ्याच्या त्या एका शर्टापायी जिचं सगळं आयुष्य टेबलाशी बांधलं गेलं, तिनं त्या दुपारी जिनाभर लोकांचे कपडे हॉलभर लोकांच्या अंगावर चढवले. लोक तिला दुवा देत होते. ती फक्त बघत होती, कुणाचं काय कुणाच्या अंगावर आहे ते.

म्हातारा सकाळी गेला. उजाडत होतं, वारा पडला होता. बाईंनी त्याचे डोळे मिटले आणि हात जोडून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या.

"काय सांगितलंत देवाला?" मावशीनं विचारलं.

"त्याला सांभाळ म्हटलं."

"आता सांभाळायला सांगून काय उपयोग? काल सांभाळायचा होता. आणि देवानं नाही."

बाईंना वाटलं, देव बऱ्याचदा माणसाच्या हातात ताडपत्री देतो आणि वाट बघतो. पण हे त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत. बोलण्याजोगं ते नव्हतं. शिवाय त्यांच्याही मनात आलं होतं, की काल सकाळी आपणही ऐकलं होतं, आणि आपणही दुपारपर्यंत गप्प बसलो होतो.

माणसं गोळा झाली. मासेवाली हळूच म्हणाली, "मावशी, शर्ट काढून घे. ट्रक यायच्या आत. त्याला काय आता थंडी?"

"हो ना," आणखी कुणी म्हणालं. "धुऊन इस्त्री केलीस की कुणाच्या बापाला कळणार नाही."

मावशीनं वरच्या बटणाला हात घातला. बटण अर्धं काजातून निघालेलं होतं. तिचा हात तिथंच थांबला. वहिनी दर महिन्याला शर्ट देताना सगळी बटणं लावून देत, गळ्याचंसुद्धा. मावशीनं ते बटण आत सरकवून नीट लावलं, कॉलर सारखी केली.

"उघडा नाही पाठवणार मी त्याला," ती म्हणाली.

ट्रक आला, त्याला घेऊन गेला. नातेवाईक नाहीत म्हटल्यावर तिकडंच काय ते उरकतील, असं शिट्टीवाला म्हणाला. पंपाचं काय करायचं, हे त्यालाही कळेना. तो त्यानं हॉलच्या ऑफिसात नेऊन ठेवला.

नंतर लोकांनी कपडे परत आणून दिले. मागावं लागलं नाही. आपापले ओलेच कपडे अंगावर चढवून, घडी जमेल तशी घालून, आणून दिले. एका साडीचा काठ उसवला होता, एका शर्टावर पोरानं ओकलं होतं, वकिलांच्या शर्टाच्या कोपराला डांबर लागलं होतं. मावशीनं ज्याचे ते त्याच्या चौकोनात बांधले. गुलाबी चौकोन तिनं रिकामाच घडी करून कमरेला खोचला.

आता तो तिच्या कमरेलाच होता. पूल मागे पडला, चढ लागला. बाईंनी पुन्हा विषय काढला.

"मावशी, खोटं बोला असं मी कधी कुणाला सांगत नाही. पण हे सांगून वहिनींना काय मिळणार? उगाच जिवाला घोर."

"बाजारातून तसलाच आणून देऊ का? निळा, चौकटीचा?"

"नाही, तसं नाही म्हणत मी."

"तेच ते. पाण्यात गेला म्हणणं आणि दुसरा आणून देणं, एकच." मावशीनं गाठोडं डोक्यावर नीट केलं. "माझा नवरा असंच म्हणायचा. कुणाला कळतंय?"

बिल्डिंगांपाशी पोचल्या तेव्हा त्यांच्या आधी बातमी पोचली होती. ट्रकमधून आलेल्यांनी सांगितलं असणार. पहिल्या बाल्कनीतून डॉक्टरीणबाईंनी हाक मारली, "अगं मावशी! ये, ये! बसा आधी, पाणी घ्या!" वकील स्वतः जिना उतरून खाली आले. डांबराचा डाग मावशीनं उघडून दाखवला, तर त्यांनी बघितलाही नाही. "माणसं जगली, मावशी. शर्टाचं काय घेऊन बसलीस?" साडी उसवलेली दाखवली, तर डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी. जिन्यात पाच-सहा माणसं जमली. कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, "अख्ख्या हॉलला कपडे घातले हिनं. स्वतः पावसात बसली. आणि तो पंक्चरवाला, बिचारा, त्याला तर मरताना सुद्धा कोरडा शर्ट घातला."

"देवमाणूस आहे हो," दुसरं कुणी म्हणालं.

मावशीचा चेहरा, पाण्याची तहान असताना कुणी गरम चहा पुढे करावा, तसा झाला. ती काहीतरी बोलायला गेली, "अहो, नाही, मी आधी..." पण तेवढ्यात कुणी तिच्या हातातून गाठोडं घेतलं, कुणी तिच्या फाटक्या पदराकडे बघून आत साडी आणायला गेलं, आणि तिचं वाक्य तिथंच राहिलं. बाईंनी ते राहिलेलं बघितलं. मावशीनंही, बाईंनी बघितलं ते बघितलं.

दोघी दुसरा मजला चढल्या. वर गर्दी नव्हती. वहिनींचं दार बंद होतं, आत भांड्यांचा आवाज येत होता. वहिनींना गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही, त्यामुळे खालचं काय त्यांच्या कानावर आलं असेल आणि काय नाही, ते कळायला मार्ग नव्हता. मावशीनं कमरेचा गुलाबी चौकोन काढला, तळहातावर सपाट केला. कडी वाजवायला हात वर केला आणि खाली घेतला.

"बाई."

"काय हो?"

"खाली बघितलंत ना? मी सांगणारच होते, आणि राहिलं. किती सहज राहिलं!" तिचा आवाज खाली गेला. "इथं पण राहील. वहिनी रडतील, मला जवळ घेतील, म्हणतील चांगल्या कामाला गेला शर्ट. आणि मी त्यांना तसं म्हणू देईन. मला माहीत आहे ना मी कशी आहे ती."

"मावशी, तुम्ही दिला तर खरा ना शेवटी..."

"तेच नका. तेच म्हणू नका तुम्ही." मावशीनं बाईंचं मनगट धरलं. हात इस्त्रीनं टणक झालेला. "माझ्या बाजूनं एक अक्षर बोलू नका. तुम्ही दोन माणसं पलीकडे होता. तुम्ही ऐकलंय. त्यानं दोनदा मागितलं आणि मी दोनदा नाही म्हटलं, कपड्यांना वास लागेल म्हणून, हे मी गाळायला लागले ना, तर तिथंच मला थांबवा. वहिनींसमोरच थांबवा. म्हणा, मावशी, आधीचं सांगा. एवढं कराल?"